आधुनिक पेगन लोकांचे ऋतुसण आणि मृतांचं स्मरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅलोविन जवळ आला की ब्रिटनमधल्या मराठी घरांत तेच प्रश्न पुन्हा निघतात. पुण्या-नाशिकहून आलेले आईवडील तर ते अगदी थेट विचारतात. शेजारीण खिडकीत दिवा लावून वारलेल्या आजीसाठी ताट का वाढते? जून महिन्यात हजारो माणसं रात्रभर स्टोनहेंजच्या त्या प्राचीन दगडांपाशी का बसतात? यांना एक धर्मग्रंथ नाही, मग सण ठरवतं कोण? ही उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. माझं मत आधीच सांगते: पेगन लोकांचे ऋतूंचे सण आणि मृतांचे सण वेगळे काढायला गेलं तर दोन्ही कळत नाहीत. धान्य कापलं जातं, दिवस लहान होतो, झाड निष्पर्ण होतं, आणि त्याच ओघात ते आपल्या माणसांची नावं घेतात.

पेगन म्हणजे नेमके कोण?

ख्रिस्ती धर्म रुजण्याआधी युरोपात जे देव होते, ज्या जत्रा आणि निसर्गपूजा होत्या, त्यांच्याकडे पुन्हा वळलेली आजची माणसं. हा एक संप्रदाय नाही. चेटूकविद्या मानणारे विका आहेत, जुन्या केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे ड्रुइड आहेत, ओडिन-थोर या उत्तर युरोपातल्या जुन्या देवांना मानणारे हीदन किंवा आसात्रू आहेत, लिथुआनियातला जुना धर्म जागवणारी रोमुवा आहे, ग्रीक देवांचे उपासक आहेत, आणि कुठल्याच गटात नाव न घातलेले एकटे साधक तर भरपूर. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिला, आणखी सुमारे १३,००० जणांनी विका. स्कॉटलंडच्या २०२२ च्या गणनेत आकडा १९,००० च्या आसपास आहे.

वर्षात सण किती आणि कधी?

बहुतेक विका आणि ड्रुइड आठ सण पाळतात आणि त्या फेऱ्याला वर्षचक्र म्हणतात. चार सूर्याचे: २१ डिसेंबरच्या आसपासचा सर्वांत लहान दिवस म्हणजे यूल, मार्चमधल्या वसंत संपाताचा, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाचा, ओस्तारा, जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा लिथा आणि सप्टेंबरमधल्या शरद संपाताचा मेबन. या चारांच्या मधोमध चार शेतीचे आणि गुराढोरांचे: ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून साउइन, १ फेब्रुवारीला इंबोल्क, १ मेला बेल्टेन, १ ऑगस्टला लूनासा. साधारण दर सहा-सात आठवड्यांनी एक सण येतो.

इंबोल्कला मेंढ्या व्यायला लागतात, दूध येतं. आयर्लंडमध्ये लव्हाळ्यांचा ब्रिजिदचा क्रूस विणतात. ही ब्रिजिद पेगनांची देवी आणि कॅथलिकांची संतही. तिच्या नावाने आयर्लंड सरकारने २०२३ पासून सार्वजनिक सुट्टी सुरू केली आहे. बेल्टेनला शेकोट्या पेटतात, त्यांवरून उड्या मारतात. एडिनबरोच्या कॅल्टन टेकडीवर १९८८ पासून हा अग्निउत्सव मोठ्या प्रमाणावर होतो. ओस्तारा आणि मेबन पुष्कळ जण घरच्या घरी, साधेपणाने करतात.

हे सण खरोखर हजारो वर्षांचे आहेत का?

सुटे सुटे सण जुने आहेत, चक्र नवं आहे. साउइन, इंबोल्क, बेल्टेन आणि लूनासा ही चार नावं मध्ययुगीन आयरिश साहित्यात स्पष्ट सापडतात. सूर्याच्या अयनाची, म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसाची, दखल त्याहून कितीतरी जुनी. आयर्लंडमधली न्यूग्रेंजची समाधी इसवीसनपूर्व ३२०० च्या सुमाराची. तिच्या दारावरच्या झरोक्यातून डिसेंबरच्या अयनाच्या आसपासच्या चार-सहा सकाळी उगवत्या सूर्याचा किरण थेट आतल्या दालनात शिरतो. उत्खनन करणारे प्राध्यापक मायकेल ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ ला आत बसून तो पाहिला. पण एकाच प्राचीन समाजाने हे आठही सण एका माळेत ओवून पाळले, याला कुठेही पुरावा नाही.

ही माळ ओवली गेली विसाव्या शतकाच्या मध्यावर, इंग्लंडमध्ये. जेराल्ड गार्डनर हा सिलोनच्या चहामळ्यांत आणि मलायाच्या कस्टम्समध्ये आयुष्य घालवून परतलेला माणूस. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर त्याने विका पंथ उघडपणे लोकांपुढे मांडला. त्याच्या मंडळींचा भर आयरिश धाटणीच्या चार सणांवर होता. ड्रुइडांचा भर सूर्याच्या दिवसांवर. गार्डनरचा मित्र रॉस निकल्स ड्रुइड होता, त्याने १९६४ मध्ये स्वतःचा ड्रुइड संघही काढला. हर्टफर्डशरच्या ब्रिकेट वुडमधल्या विका मंडळाने १९५८ मध्ये अयन आणि संपातांचे दिवसही बरोबरीच्या मानाने करायचं ठरवलं, आणि आठाचा फेरा पुरा झाला. ओस्तारा, लिथा, मेबन ही नावं तर १९७० च्या दशकात एडन केली या अमेरिकन पेगनाने रुजवली. पहिल्या दोन नावांना आठव्या शतकातल्या बीड या इंग्लिश साधूच्या नोंदींचा आधार आहे. मेबन हे वेल्श पुराणकथेतलं पात्र, आणि त्याचा शरद संपाताशी जुना संबंध काहीच नाही.

मग हे सगळं बनावट म्हणायचं का?

अजिबात नाही. सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकात आकाराला आला म्हणून आरतीला उभं राहिलेल्या माणसाची भक्ती खोटी ठरत नाही. आज बरेच पेगन आपल्या चक्राचं वय मोकळेपणाने सांगतात. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनल्ड हटन यांनी जुन्या दाव्यांची कठोर छाननी केली, तरी पेगन मंडळी त्यांना भाषणाला आदराने बोलावतात. स्वतःच्या परंपरेची जन्मतारीख पडताळून पाहण्याची ही तयारी मला फार मोलाची वाटते.

साउइन म्हणजे हॅलोविनच ना?

रात्र एकच, काम वेगळं. मुलं भोपळे कोरून गोड खाऊ मागत फिरतात तो हॅलोविन, आणि पेगन घरांतली मुलंही त्यात असतात. मुलं झोपली की किंवा दुसऱ्या संध्याकाळी साउइन होतं.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा. चर्चने पेगनांचा मृतांचा सण बळकावून त्यावर १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबरचा सर्व मृतात्म्यांचा दिवस चढवला, असं सर्रास सांगितलं जातं. पुरावा तसा नाही. आयर्लंडमध्येच सुरुवातीला सर्व संतांचा दिवस एप्रिलमध्ये होता. १ नोव्हेंबर ही तारीख प्रचारात आली ती उत्तर युरोपातून. २ नोव्हेंबर रूढ केला फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे मठाधिपती ओडिलो यांनी, दहाव्या शतकाच्या अखेरीस. जुन्या आयरिश कथांत साउइन म्हणजे राजांच्या सभा, मेजवान्या आणि परलोकाची दारं उघडी पडण्याची रात्र. आपल्या मृतांना जेवू घालण्याची रात्र, असं त्यांत ठामपणे दिसत नाही. म्हणजे आजच्या पेगनांच्या साउइनमध्ये जे आर्त स्मरण आहे, त्यात ख्रिस्ती प्रार्थनेचाही मोठा वाटा असण्याची शक्यता आहे. गोव्यात, वसईत, वांद्र्याला २ नोव्हेंबरच्या सुमारास कबरी धुऊन त्यांवर फुलं-मेणबत्त्या ठेवणारी कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे नातं सांगावं लागणार नाही.

साउइनला घरात काय करतात?

एका टेबलावर किंवा फळीवर मृतांची जागा मांडतात. फोटो, चष्मा, विणकामाच्या सुया, पाइप, हस्ताक्षरातली चिठ्ठी, सफरचंदं, झेंडू किंवा शेवंती, मेणबत्ती. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाही असतो, आणि तो ठेवताना कुणी लाजत नाही. मग जेवण. गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ होतो आणि त्याचं ताट वाढलं जातं. काही घरांत हे जेवण पूर्ण मौनात करतात. मौन वाटतं तितकं सोपं नसतं: चमचा वाजतो, कुणाला हुंदका येतो, आणि तरी बोलायचं नाही. वाढलेलं ताट नंतर बागेत किंवा झाडाखाली ठेवतात.

गटाने करतात तेव्हा वर्तुळात उभं राहून एकेक जण नाव घेतो. सॅन फ्रान्सिस्कोत रिक्लेमिंग या पेगन परंपरेचे लोक १९७९ पासून साउइनचा मोठा विधी करतात. त्यात त्या वर्षी वारलेल्यांची नावं वाचली जातात आणि त्या वर्षी जन्मलेल्या बाळांचीही. त्यानंतर शेकडो माणसं हात धरून नागमोडी फेर धरतात. मृतांच्या यादीला बाळांची यादी जोडण्याची ही कल्पना मला साऱ्या पेगन विधींत सर्वांत सुंदर वाटते. दुःख आवरा, असं तिथे कुणी सांगत नाही, आणि तरी माणूस एकटा पडत नाही.

हे आपल्या पितृपक्षासारखंच झालं की!

साम्य खरं आहे. अन्न, नाव, ठरलेला काळ, आणि पूर्वजांचं आपल्यावर काही देणं आहे ही भावना. पण फरकही नीट पाहावेत. श्राद्धात तिथी, गोत्र, तीन पिढ्यांची नावं आणि कर्त्याचा अधिकार हे सगळं ठरलेलं. पितरांना पिंडाने तृप्ती मिळते, गती मिळते, ही श्रद्धा त्यामागे. पेगन विधीला भटजी लागत नाही, मुलगी करू शकते, मित्र करू शकतो. पूर्वज रक्ताचेच असावेत अशीही अट नाही. ज्या शिक्षकामुळे आयुष्य वळलं तो शिक्षक, ज्या लेखिकेमुळे धीर आला ती लेखिका, यांनाही पूर्वज मानतात. मृत्यूनंतर काय, यावर एकमत नाही: विकांत पुष्कळ जण पुनर्जन्म मानतात, कुणी परलोक मानतात, आणि काहींच्या मते मेलेला माणूस मातीत मिळतो, एवढंच. हे सगळे एकाच वर्तुळात उभे राहून नावं घेतात.

ज्यांचं नाव घ्यायला कुणीच उरलं नाही, त्यांचं काय?

आपल्याकडे त्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. तर्पणात तर बांधव असोत वा नसोत, सर्वांना पाणी देणारा मंत्रच आहे. लंडनमध्ये या प्रश्नाचं उत्तर थेम्सच्या दक्षिणेला, सदर्कच्या रेडक्रॉस वे नावाच्या गल्लीत मिळतं.

तिथे क्रॉसबोन्स ही जुनी दफनभूमी आहे. चर्चच्या आशीर्वादाची जमीन नाकारल्या गेलेल्या बायका, मुख्यतः वेश्या, आधी तिथे पुरल्या जात असं परंपरा सांगते. पुढे ती कंगालांची दफनभूमी झाली. जागा उरली नाही म्हणून १८५३ मध्ये ती बंद करण्यात आली, तोवर अंदाजे १५,००० माणसं तिथे पुरली गेली होती. १९९० च्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामामुळे पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी १४८ सांगाडे बाहेर काढले. त्यांत लहान मुलांचं प्रमाण फार मोठं होतं. जॉन कॉन्स्टेबल या नाटककाराने १९९८ पासून दर हॅलोविनला तिथे विधी सुरू केला. पुढे दर महिन्याच्या २३ तारखेला संध्याकाळी फाटकाशी जमण्याचा रिवाज पडला. लोक फाटकाला फिती, फुलं, बाहुल्या, नावांच्या चिठ्ठ्या बांधतात. येणारे सगळे पेगन नसतात: मोहल्ल्यातली माणसं असतात, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया असतात, ख्रिस्तीही असतात. ज्या कॅथीड्रलच्या हद्दीत हा अन्याय झाला तिथले डीन, म्हणजे मुख्य धर्मगुरूही, पुढे येऊन पश्चात्तापाची प्रार्थना करून गेले.

पेगन स्मरणाचा अर्थ मला कुणी एका जागेवरून समजावून सांग म्हटलं तर मी याच फाटकाचं नाव घेईन.

सैनिकांचं स्मरण कसं करतात?

अमेरिकेत या प्रश्नाला कोर्टाची पायरी चढावी लागली. तिथे सैनिकांच्या सरकारी थडग्यावर धर्मचिन्ह कोरतात, आणि कुठली चिन्हं चालतील याची यादी असते. विकांचं पंचकोनी ताऱ्याचं चिन्ह त्यात नव्हतं. सार्जंट पॅट्रिक स्ट्यूअर्ट २००५ मध्ये अफगाणिस्तानात मारले गेले तेव्हा त्यांच्या पत्नी रोबर्टा यांना ते चिन्ह नाकारण्यात आलं. वर्षानुवर्षांच्या अर्जांनंतर आणि खटल्यानंतर एप्रिल २००७ मध्ये सरकारने ते मान्य केलं. २०१३ मध्ये थोरचा हातोडाही यादीत आला. हीदन लोकांत, विशेषतः अमेरिकेत, ११ नोव्हेंबरला रणात पडलेल्यांच्या नावाने पेला उचलण्याची नवी प्रथा आहे.

यूल म्हणजे त्यांची संक्रांत का?

कल्पना तीच: सूर्य उत्तरेकडे वळतो. तारखेत मात्र तीनेक आठवड्यांचं अंतर पडलं आहे. आपली संक्रांत सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावर, म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजली जाते. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्यामुळे, ती हळूहळू पुढे सरकत १४-१५ जानेवारीला आली. यूल प्रत्यक्ष अयनावर, २१-२२ डिसेंबरलाच राहतं. त्या रात्री काही घरं पहाटेपर्यंत दिवा विझू देत नाहीत, ओंडका जाळतात, आणि सूर्य उगवताना बाहेर येऊन त्याचं स्वागत करतात. लंडनमध्ये त्या दिवशी उजेड आठ तासांपेक्षाही कमी असतो, त्यामुळे या स्वागतात आनंद अगदी खराखुरा असतो.

साउइन सोडून इतर सणांत मृतांची आठवण निघते का?

निघते, आणि सगळ्यांत ठळक उदाहरण ज्या सणात निघतं तो म्हणजे लूनासा. हा पहिल्या कापणीचा सण, नव्या धान्याचा पाव भाजण्याचा. पण आयरिश कथेनुसार तो एका मृत्यूचा स्मरणसोहळा आहे. लू या देवाची पालक आई ताल्तू. तिने लोकांना शेती करता यावी म्हणून एकटीने रान तोडून मैदान मोकळं केलं, आणि त्या श्रमांनी ती मेली. तिच्या स्मरणार्थ लूने खेळ आणि जत्रा भरवली. आयर्लंडच्या मीथ परगण्यातल्या टेलटाउनशी ती जत्रा जोडलेली आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही ही कथा लगेच कळेल: जमीन कसण्याजोगी झाली त्यात कुणाचं तरी आयुष्य गेलेलं असतं. काही गट ऑगस्टच्या त्या दिवशी पावाचा पहिला तुकडा ताल्तूच्या नावाने मातीला देतात.

हीदन लोकांत यूलच्या सुरुवातीला मातांची रात्र असते. बीड यांनी आठव्या शतकात तिचा उल्लेख केला आहे, विधी मात्र लिहून ठेवला नाही. आज त्या रात्री आई, आजी, पणजी यांची नावं घेतात. त्यांच्या सुंबल नावाच्या बैठकीत मधाच्या दारूचा पेला फिरतो: सहसा पहिली फेरी देवांच्या नावाने, दुसरी पूर्वजांच्या, तिसरी ज्याला जे म्हणायचं असेल त्याची. पेला हातात घेऊन उच्चारलेला शब्द बांधून घेतो असं ते मानतात, त्यामुळे तिथे उगाच कुणी बोलत नाही.

सगळे पेगन हे आठच सण पाळतात का?

नाही. आइसलँडच्या आसात्रू संघाची स्थापना १९७२ च्या उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी झाली. हा दिवस तिथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे एप्रिलमधल्या गुरुवारी येतो, बाहेर बर्फ असलं तरी. स्वेनब्योर्न बेन्तेनसन हे शेतकरी आणि कवी त्यांचे पहिले प्रमुख. १९७३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. त्यांचे सण त्या देशाच्या हवामानावर बेतलेले: हिवाळ्याचा आरंभ, यूल, उन्हाळ्याचा आरंभ, आणि थिंगवेल्लिरच्या जुन्या संसदभूमीवरचा जूनमधला मेळा.

लिथुआनियात रोमुवाचा मोठा सण रासोस, जूनमधल्या सर्वांत लहान रात्रीचा. सोव्हिएत राजवटीत, १९६७ मध्ये, केर्नावेच्या टेकड्यांवर तो पुन्हा सुरू झाला तेव्हा लोकगीतं गाणं हाच विधी होता, आणि धाडसही तेच होतं. शरदात वेलिनेस येतो, मृतांचा सण. त्या दिवसांत कॅथलिक कुटुंबंही दफनभूमीत दिवे लावतात, त्यामुळे सगळ्या टेकड्या उजळतात. संसदेने २०१९ मध्ये रोमुवाला पुरी मान्यता नाकारली हा भेदभाव आहे, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०२१ मध्ये दिला.

ऑस्ट्रेलियात तर ऋतू उलटे. तिथे काय करतात?

बहुतेक जण चक्र सहा महिन्यांनी फिरवतात: यूल जूनमध्ये, साउइन एप्रिलच्या अखेरीस. त्यामुळे तिथलं साउइन २५ एप्रिलच्या अँझॅक दिनाला, म्हणजे सैनिकांच्या राष्ट्रीय स्मरणदिनाला, लागून येतं. पहाटेची मानवंदना आणि घरचं पितृस्मरण एकाच आठवड्यात होतं.

प्राण्यांचा बळी देतात का? करणी-भानामती?

आजच्या विका, ड्रुइड आणि आइसलँडच्या आसात्रू विधींत प्राण्यांचा बळी नसतो. पाव, मध, दूध, दारू, सफरचंद वाहतात. विका मंत्रतंत्र मानतात, पण कुणाचंही नुकसान न करण्याचा नियम त्यांच्यात मूलभूत आहे.

या विधींनी जुन्या वास्तूंचं नुकसान होतं, हे खरं का?

दुर्दैवाने खरं आहे. इंग्लंडमधल्या एव्हबरीजवळच्या वेस्ट केनेटच्या पाच हजार वर्षांहून जुन्या समाधीत ठेवलेल्या मेणबत्त्यांनी दगड काळवंडले आणि तडकले आहेत. पवित्र झऱ्यांजवळच्या झाडांना बांधलेल्या नायलॉनच्या फिती कुजत नाहीत आणि फांदी आवळतात. जबाबदार पेगन आज लोकरीचा किंवा सुती धागा बांधतात, दिवा घरी लावतात, आणि सणानंतर सफाईला जातात. ज्या मातीला देवी म्हणायचं तिच्यात प्लास्टिक टाकायचं, हे मला तरी मुळीच क्षम्य वाटत नाही. नदीकाठच्या आपल्या निर्माल्यालाही हेच लागू आहे.

शेजाऱ्यांनी साउइनला बोलावलं तर काय न्यायचं?

आपल्या मृताचा एक फोटो आणि त्याच्या आवडीचा एखादा पदार्थ. पुरणपोळी चालेल, ज्वारीची भाकरी चालेल. फोटो काढण्याआधी विचारा. वर्तुळ आखल्यावर मध्येच उठून जायचं असेल तर खुणेने सांगा, ते वाट करून देतात. देवीची प्रार्थना म्हणायची नसेल तर गप्प राहिलात तरी कुणी मनाला लावून घेत नाही. नाव घ्यायची पाळी आली की मराठीत घ्या.

स्टोनहेंजला सूर्योदयाला जाता येतं का?

येतं, वर्षातून मोजके दिवस. हे सहज मिळालेलं नाही. १९७४ ते १९८४ पर्यंत तिथे जूनमध्ये मोफत महोत्सव भरायचा. १ जून १९८५ ला पोलिसांनी तिकडे निघालेला ताफा अडवून मारहाण केली, पाचशेहून जास्त लोकांना अटक केली, आणि मग कित्येक वर्षं अयनाच्या दिवशी दगडांपाशी बंदी होती. २००० पासून इंग्लिश हेरिटेज ही संस्था जूनच्या अयनाला रात्रभर मैदान उघडं ठेवते. प्रवेश मोफत असतो, गाडी लावायचे पैसे पडतात, सॉल्सबरीहून बस मिळते. दारू आणि काचेच्या वस्तू नेता येत नाहीत, दगडांवर चढायचं नाही. सूर्योदय पाचच्या थोडा आधी होतो आणि जूनमध्येही पहाटे बोचरी थंडी असते, स्वेटर न्या.

मी मात्र डिसेंबरच्या अयनाला जायला सांगेन. त्या वास्तूचा आस हिवाळ्यातल्या मावळतीकडेही रोखलेला आहे. शेजारच्या डरिंग्टन वॉल्स इथे डुकरांची जी हाडं सापडली, त्यांतली बरीच साधारण नऊ महिन्यांच्या जनावरांची, म्हणजे वसंतात जन्मून ऐन हिवाळ्यात मारलेल्यांची. मोठ्या मेजवान्या तेव्हाच होत असाव्यात. डिसेंबरमध्येही सकाळी मैदान मोफत उघडतात, गर्दी बरीच कमी असते, आणि सूर्य आठनंतर उगवतो. लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर तोच दिवस निवडा.